पाणी एच२ओच कशावरून? मोजलं कुणी?

कोरी_पाटी

लेक आठवीत आहे. परवा विज्ञानाचं पुस्तक घेऊन माझ्यासमोर बसली. द्रव्य, मूलद्रव्य, संयुग, मिश्रण, अणू, रेणू असं सगळं धडाधड म्हणून दाखवलं. मग पाण्याच्या रेणुसूत्रावर बोट ठेवून म्हणाली, "हे दोन आणि एक मोजले कुणी?"

मला वाटलं, सोपंय. पाण्यातून वीज सोडली की एका नळीत हायड्रोजन जमतो, दुसरीत ऑक्सिजन. हायड्रोजन दुप्पट. दोनास एक, संपलं.

"गॅस दुप्पट निघाला. अणू दुप्पट निघाले कशावरून? हायड्रोजनचे अणू मोठे असतील, जास्त जागा अडवत असतील."

मी वजनाकडे वळलो. १०० ग्रॅम पाण्यात ११.२ ग्रॅम हायड्रोजन आणि ८८.८ ग्रॅम ऑक्सिजन, म्हणजे १ ला ८. ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या १६ पट जड, म्हणून त्याच्या वाट्याला हायड्रोजनचे दोन. "१६ पट कशावरून?" पाण्याच्या सूत्रावरून, हे ओठांवर आलं होतं ते गिळलं.

तर मंडळी, मी घाण्याच्या बैलासारखा फिरतोय. सूत्र ठाऊक असेल तर अणूचं वजन निघतं, अणूचं वजन ठाऊक असेल तर सूत्र निघतं. मुळात पहिलं कुठलं आलं? "आता यंत्रातून अणू दिसतात" हे उत्तर नको. सूत्रं त्या यंत्रांच्या कितीतरी आधीची आहेत.

(खालचा छोटा अंक इथे टाइप होत नाही, म्हणून ओळीतच लिहितोय. समजून घ्या.)

उगाच_एक

आमच्या वेळी "पुस्तकात दिलंय" या उत्तरावर भागायचं. वाचतोय.

निळा_लिटमस

यात एवढं काय आहे? हायड्रोजनची संयुजा (एक अणू किती जोडण्या करू शकतो तो आकडा) १, ऑक्सिजनची २. तिरका गुणाकार करा, एच२ओ येतं. सगळी सूत्रं अशीच लिहितात.

खडूवाली

लिटमसभाऊ, संयुजा कुठून आली? आधी शेकडो सूत्रं ठरली, त्यांच्याकडे बघून संयुजेची कल्पना सुचली, आणि तीही १८५० नंतर. तुम्ही बैलाला घाण्याची आणखी एक फेरी मारायला लावलीत.

कोरी_पाटी, लेकीला आधी शाबासकी द्या. ३१ वर्षं शिकवलं, हा प्रश्न मला दोनदाच आला, आणि पहिल्यांदा आला तेव्हा मीही संयुजाच सांगून वेळ मारून नेली होती. ती जिथे अडली तिथेच जॉन डाल्टन अडला होता, आणि त्याच्यानंतर रसायनशास्त्र पन्नास वर्षं अडून राहिलं.

डाल्टनजवळ वजनं होती, पण मोजदाद करायला काही साधन नव्हतं. मग त्याने स्वतःच एक नियम ठरवला: दोन मूलद्रव्यांचं एकच संयुग ठाऊक असेल, तर ते एकास एक धरायचं. त्या काळी हायड्रोजन-ऑक्सिजनचं पाणी हे एकच संयुग माहीत होतं. म्हणून त्याच्या १८०८ च्या पुस्तकात पाणी म्हणजे हायड्रोजनचा एक गोल आणि त्याला चिकटलेला ऑक्सिजनचा एक गोल. आपल्या भाषेत एचओ. ऑक्सिजनचा अणू त्याने ७ पट जड धरला. मोजमाप चोख असतं तर ८ आलं असतं. अमोनियासुद्धा त्याच्याकडे एकास एकच.

आणि याला चूक म्हणायला आधार काय? ८ पट जड ऑक्सिजन आणि एचओ, किंवा १६ पट जड ऑक्सिजन आणि एच२ओ. तराजूला दोन्ही सारखेच.

निळा_लिटमस

हे खरंच कधी लक्षात आलं नव्हतं. पण मग हायड्रोजन पेरॉक्साईड सापडल्यावर तरी कळलं असेल ना?

खडूवाली

नाही ना! ते तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१८ मध्ये केलं. त्यात वजनाचं प्रमाण १ ला १६, पाण्याच्या बरोब्बर दुप्पट. यावरून वस्तू अख्ख्या दाण्यांची बनलीय हे पक्कं होतं. साधं पूर्णांकी गुणोत्तरच येतं, भलतंच काही येत नाही. पण पाणी एचओ आणि पेरॉक्साईड एचओ२ म्हणा, नाहीतर एच२ओ आणि एच२ओ२ म्हणा, हिशेब दोन्हीकडे जुळतो. वजनं कितीही गोळा केली तरी ती गुणोत्तरंच देणार.

शून्यप्रहर

कणादांनी हे सगळं आधीच सांगितलं होतं. परमाणू, दोन परमाणूंचं द्व्यणुक, मग त्र्यणुक. डाल्टन फार नंतरचा.

उगाच_एक

आले! बाराव्या प्रतिसादाच्या आत येतील अशी माझी पैज होती.

खडूवाली

चिडवू नका त्यांना. वैशेषिकांची कल्पना आहेच तशी, आणि ती विचारातून आली होती. डाल्टनचं वेगळेपण इतकंच की एका मूलद्रव्याचा अणू दुसऱ्याच्या किती पट जड, हे त्याने तराजूवर मोजायला घेतलं. आकडा चुकला, पण आकडा आला म्हणूनच तो चुकलाय हे पुढच्यांना दाखवता आलं.

शब्दांवरून आठवलं. हिंदी पुस्तकं वाचणाऱ्या मुलांनी जपावं. मराठीत अणू हा एकटा आणि रेणू हा जोडलेला. हिंदीत एकट्याला परमाणु म्हणतात, आणि आपल्या रेणूला अणु! माझ्या वर्गात हिंदी माध्यमातून आलेली एक मुलगी सहा महिने "पाण्याचा अणू" लिहायची, आणि मी सहा महिने गुण कापत होते. चूक माझी होती.

कोरी_पाटी

ताई, इथवर कळलं. पण मग वायूंच्या आकारमानाचं काय? दुप्पट हायड्रोजन तर डाल्टनच्याही समोर असेल.

खडूवाली

होता. निकल्सन आणि कार्लाइल यांनी १८०० मध्येच विजेने पाणी फोडलं होतं, व्होल्टाच्या बॅटरीची बातमी आल्यावर काही आठवड्यांत. आणि १८०८ च्या शेवटी गे-ल्युसॅकने सांगितलं की वायू एकमेकांशी साध्या पूर्णांकी आकारमानांत जुळतात. दोन माप हायड्रोजन अधिक एक माप ऑक्सिजन, मिळून दोन माप वाफ. तीन नव्हे, एकही नव्हे. दोन.

कळीचा मुद्दा हाच. सारख्या मापात सारखेच कण असतात असं धरा. मग ऑक्सिजनच्या १०० कणांपासून वाफेचे २०० कण झाले. प्रत्येकाच्या वाट्याला ऑक्सिजनचा अर्धा कण. अणू तर फुटत नाही! डाल्टनने म्हणूनच हे गृहीतक झिडकारलं. आणखी एक गाठ होती: ऑक्सिजनला हायड्रोजन चिकटून वाफ झाली तर ती ऑक्सिजनपेक्षा जड हवी. प्रत्यक्षात वाफ हलकी आहे.

१८११ मध्ये आवोगाद्रोने सोडवणूक सांगितली. फुटतो तो अणू नव्हे, रेणू. ऑक्सिजन वायूचा कण मुळात दोन अणूंची जोडी आहे, पाणी होताना ती जोडी मोडते. हायड्रोजनचीही जोडीच. मग सगळं बसतं: दोन एच२ आणि एक ओ२, मिळून दोन एच२ओ. आणि वाफेच्या कणात ऑक्सिजन एकच अणू, वायूत दोन, म्हणून वाफ हलकी.

निळा_लिटमस

मग १८११ लाच निकाल लागला की. पन्नास वर्षं कशाला?

खडूवाली

ऐकलं कुणी नाही. बर्झेलियसचा त्या काळी दबदबा होता. मूलद्रव्यांना अक्षरांच्या संज्ञा देण्याची आजची पद्धत त्याचीच. (डाल्टनला ती अजिबात आवडली नाही, तो आपल्या गोलांना धरून बसला.) बर्झेलियसच्या मते अणू जोडले जातात ते विरुद्ध विद्युतप्रभारामुळे. मग दोन सारखे अणू एकमेकांना धरतील कसे? ते तर ढकलणार. एच२, ओ२ हे त्याला मान्य होण्यासारखं नव्हतं. त्यात द्युमाने वाफांच्या घनता मोजल्या आणि घोळ वाढला, कारण पाऱ्याच्या वाफेत अणू सुटे असतात, फॉस्फरसच्या वाफेत चारांचे गट आणि गंधकाच्या त्याहून मोठे. सगळीकडे जोडीच असणार असं धरून बसलेल्यांचे आकडे कुठेच जुळेनात.

परिणाम? ज्याला जे वाटेल ते सूत्र. १८६१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात केक्युलेने एकट्या ॲसिटिक आम्लाची प्रचारातली १९ सूत्रं छापली आहेत. एकोणीस!

वजनकाटा

खडूताईंनी गोष्ट उभी केली, गाठ कशी सुटली ते मी सांगतो. प्रयोगशाळेत वजनं करण्यात उमर गेली, त्यामुळे हा भाग माझ्या लाडाचा.

स्तानिस्लाओ कानिझ्झारो, १८५८. त्याने आवोगाद्रोचं गृहीतक उचललं आणि वाद घालण्याऐवजी सरळ तक्ता मांडला. कागद घ्या आणि लेकीला सोबत बसवा.

एक ठराविक भांडं घ्यायचं, ज्यात हायड्रोजन वायू बरोबर २ ग्रॅम मावतो. तापमान, दाब सगळ्यांसाठी सारखे. त्याच भांड्यात एकेक वायू भरून वजन करायचं, मग तो वायू फोडून त्यात हायड्रोजन किती ग्रॅम आहे ते काढायचं. हायड्रोजन क्लोराईड भरला तर ३६.५ ग्रॅम, त्यात हायड्रोजन १. वाफ १८, त्यात २. अमोनिया १७, त्यात ३. मिथेन १६, त्यात ४. खुद्द हायड्रोजन वायूत २.

१, २, ३, ४. अर्धा कधी नाही, दीड कधी नाही. सारख्या भांड्यात सारखे रेणू आहेत हे एकदा धरलं, की याचा अर्थ एका रेणूमागे हायड्रोजन १ च्या पटीतच येतो. तोच अणू. आणि हायड्रोजन वायूत २, म्हणजे तो जोडीने राहतो.

आता तोच खेळ ऑक्सिजनसाठी. वाफेच्या १८ मध्ये ऑक्सिजन १६. कार्बन मोनॉक्साईड २८, त्यात १६. कार्बन डायऑक्साईड ४४, त्यात ३२. नायट्रिक ऑक्साईड ३०, त्यात १६. सल्फर डायऑक्साईड ६४, त्यात ३२. सल्फर ट्रायऑक्साईड ८०, त्यात ४८. डाल्टनचं खरं असतं तर कुठेतरी ८ यायला हवे होते, किंवा २४. येत नाहीत. कुठल्याच वायूत नाहीत.

म्हणून ऑक्सिजनचा अणू १६. आणि ही १६ पाण्याच्या सूत्रावरून आलेली नाही, सगळ्या वायूंच्या रांगेवरून आली आहे. कोरी_पाटी, तुमचा घाणा इथे थांबतो. एका संयुगाकडे टक लावून बसलं तर फिरतच राहणार, दहा संयुगं शेजारी मांडली की सुटतं.

१८६० च्या सप्टेंबरात जर्मनीत कार्ल्सरूहला शंभराहून जास्त रसायनशास्त्रज्ञ याच भांडणासाठी जमले होते. ठराव-बिराव काही झाला नाही. शेवटी कानिझ्झारोचं छोटं पुस्तक वाटलं गेलं. लोथार मायरने ते नंतर वाचलं आणि डोळ्यांवरची झापड उडाली असं लिहून ठेवलं. मेंडेलेयेव्हही त्या बैठकीत होता. अणुभारच ठरत नव्हते तिथे आवर्तसारणी कुठून येणार? ती १८६९ ची.

निळा_लिटमस

दंडवत. पण एक शंका. उद्या एखाद्या वायूत ८ सापडले तर?

वजनकाटा

तर अणुभार ८ करावा लागला असता. या पद्धतीने अणूचं वजन "यापेक्षा जास्त नाही" एवढंच ठरतं, हे बरोबर पकडलंत. पण वायूंची यादी लांबत गेली आणि ८ आलाच नाही. शिवाय घन मूलद्रव्यांसाठी विशिष्ट उष्णतेवरून (एक ग्रॅम पदार्थ एक अंशाने तापवायला किती उष्णता लागते, त्यावरून) अणुभार काढायची वेगळी वाट होती, द्युलाँ आणि पेती यांची, १८१९ ची. दोन स्वतंत्र वाटा एकाच आकड्यावर येऊन मिळतात तेव्हा माणूस निवांत झोपतो.

कोरी_पाटी

तक्ता लेकीने स्वतः भरला. पटला. पण तिचं मूळ भांडण बाकी आहे: हायड्रोजनचे अणू मोठे असतील तर ते जास्त जागा अडवतील. सारख्या भांड्यात सारखे रेणू का?

वजनकाटा

तिला विचारा, १८ ग्रॅम पाण्याची जागा किती? १८ मिलिलिटर, चार चमचे. ते उकळून १०० अंशांची वाफ झाली की साधारण ३०.६ लिटर. सतराशे पट! रेणू तेच, तेवढेच, तेवढ्याच आकाराचे. म्हणजे वाफेत जागा अडवली आहे ती रिकामेपणाने. रेणू मोठा की छोटा याने भांड्याच्या मापात नगण्य फरक पडतो. किती रेणू किती जोरात भिंतीवर आपटताहेत एवढंच महत्त्वाचं. घन आणि द्रवात मात्र तिचं म्हणणं खरं आहे, तिथे आकार मोजावाच लागतो.

उगाच_एक

चार दिवस वाचतोय आणि आज पहिल्यांदा मला "वायू" म्हणजे काय ते कळलं. वय विचारू नका.

कोरी_पाटी

काल आम्ही वीज सोडून पाहिलीच, आणि फजिती झाली ती सांगतो. दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली, ९ व्होल्टची बॅटरी, दोन उलट्या नळ्या. शुद्ध पाण्यातून वीज जाईना, म्हणून मी शहाण्याने मीठ टाकलं. एका पेन्सिलीवरून बुडबुड्यांची वर धार लागली, दुसरीवर जेमतेम. पंधरा मिनिटांनी एका नळीत ११ मिलिलिटर, दुसरीत नावाला. आणि वास! पोहण्याच्या तलावाचा.

लेक म्हणाली, "बाबा, आपण पाणी नाही फोडलं, मीठ फोडलं."

वजनकाटा

शंभर टक्के बरोबर. तो क्लोरीन. खिडक्या उघड्या होत्या ना? पुन्हा मीठ टाकू नका, तो वायू फुप्फुसांना वाईट. धुण्याचा सोडा टाका. तरीही नेमकं दोनास एक येणार नाही: ऑक्सिजन पाण्यात हायड्रोजनपेक्षा जास्त विरघळतो, आणि थोडा पेन्सिलीतल्या ग्राफाइटलाच खातो. ऑक्सिजनची बाजू थोडी कमीच भरेल. आणि हायड्रोजनच्या नळीजवळ ज्योत नको.

मुलीला सूत्र स्वतः शोधायचं असेल तर त्याहून छान प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत, बाईंच्या देखरेखीखाली करता येतो. मोरचूद, निळं कॉपर सल्फेट. २.५० ग्रॅम बशीत घेऊन मंद आचेवर ढवळत राहायचं. कडेने पांढुरका रंग चढत आत सरकतो, वरती धरलेली गार काच ओली होते. शेवटचं पाणी हट्टी असतं, दोनशे अंशांच्या वर गेल्याशिवाय सुटत नाही. सगळं पांढरं झालं की पुन्हा वजन: १.६० ग्रॅम. गेलं ते पाणी, ०.९० ग्रॅम. पांढऱ्या कॉपर सल्फेटचं सूत्रवजन सुमारे १६०, पाण्याचं १८. म्हणजे १.६० ग्रॅम हा पांढऱ्याच्या १६० चा शंभरावा हिस्सा, आणि ०.९० ग्रॅम हा पाण्याच्या १८ चा विसावा. विसाव्यात शंभरावे पाच वेळा. सूत्रात कॉपर सल्फेटनंतर टिंब देऊन ५ एच२ओ लिहितात, ते ५ हे. घाईने आच वाढवली तर काळं पडतं. मग पाण्यासोबत दुसरंही काही गेलं, आकडा फुकट. मी पहिल्या खेपेला ते काळंच केलं होतं.

निळा_लिटमस

आता मीठ निघालंच आहे तर विचारतो. सोडियम क्लोराईडचा रेणू एकास एक, एवढं तरी साधं आहे ना?

खडूवाली

मिठाच्या खड्यात रेणूच नसतो. एकेका सोडियम आयनाभोवती (आयन म्हणजे विद्युतप्रभार असलेला अणू) सहा क्लोराईड, एकेका क्लोराईडभोवती सहा सोडियम, असं खड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठला सोडियम कुठल्या क्लोराईडचा, हे सांगताच येत नाही. सूत्र फक्त एवढंच सांगतं की दोघांची संख्या सारखी. ब्रॅग बापलेकांनी १९१३ च्या सुमारास क्ष-किरणांनी हे दाखवलं, तर हेन्री आर्मस्ट्राँग नावाचे एक बुजुर्ग १९२७ पर्यंत 'नेचर' नियतकालिकात पत्र लिहून चिडत होते की बिचाऱ्या मिठाचा हा बुद्धिबळाचा पट काय केलात! म्हणून मी मुलांना "मिठाचं रेणुसूत्र" असं म्हणू द्यायची नाही. नुसतं सूत्र म्हणा.

आणि लिटमसभाऊ, तुमचा तिरका गुणाकार लोखंडाच्या एका ऑक्साईडपाशीही फसतो. कागदावर एफईओ, एकास एक. खऱ्या स्फटिकात ऑक्सिजनच्या १०० अणूंमागे लोखंडाचे साधारण ९५. काही जागा रिकाम्याच राहतात.

निळा_लिटमस

मी आता काहीच विचारत नाही.

शून्यप्रहर

मुलं सूत्र जुळवताना खालचा अंकच बदलून टाकतात, त्यावरही लिहा कुणीतरी. माझा पुतण्या पाण्यात ऑक्सिजन कमी पडला की सरळ एच२ओ२ करतो.

खडूवाली

त्याला सांगा, पुढचा अंक म्हणजे किती रेणू, खालचा अंक म्हणजे रेणू कोण. पुढचा वाढवलास तर पाणी वाढेल. खालचा बदललास तर पाणीच उरणार नाही, केस पांढरे करणारं द्रावण होईल. तसंच मोठा सी, छोटा ओ म्हणजे कोबाल्ट हा धातू. दोन्ही अक्षरं मोठी काढलीस तर विषारी वायू.

कोरी_पाटी

धुण्याच्या सोड्याने पुन्हा केलं. हायड्रोजन १२, ऑक्सिजन ५. वास नाही. काका, तुम्ही म्हणालात तसं ऑक्सिजन कमीच भरला, आणि लेकीने वहीत "का कमी" तेही लिहिलं.

मग तिने तुमच्या तक्त्याखाली एक ओळ वाढवली. ओझोनही नुसता ऑक्सिजनच असतो, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. पण तो ऑक्सिजनपेक्षा वेगळा वागतो, म्हणजे त्याच्या रेणूत अणू वेगळ्या संख्येने असणार. म्हणून त्या भांड्यात तो १६ च्या पटीतच भरला पाहिजे, पण ३२ नाही. तिने ४८ लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह. मी नंतर शोधलं तर सोरे नावाच्या स्विस माणसाने १८६५ मध्ये ओझोनची घनता ऑक्सिजनच्या दीडपट असल्याचं दाखवलं होतं.

प्रश्नचिन्ह तिने खोडलं नाही. म्हणते, आपण कुठे मोजलंय?